वडिलांना पत्र लिहिण्याविषयी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

घरी रोज फोन होत असताना हाताने पत्र लिहिण्याचे प्रयोजन काय, असे तू विचारले आहेस. त्याच निरोपात तू हेही कळवले आहेस की, नोकरीसाठी घर सोडण्यावरून वडिलांशी खटका उडाल्यापासून ते फोनवर "जेवलीस का?" एवढेच विचारतात आणि "घे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात. तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला या दुसऱ्या मजकुरातच दिसते. फोनवर अवघड विषय निघाला की आवाज चढतो, मध्येच कोणी बोलते आणि जे सांगायचे तेच राहून जाते. पत्रात तुझे म्हणणे पुरे होईपर्यंत कोणी तोडत नाही, आणि वाचणाऱ्यालाही तिथल्या तिथे काही बोलून दाखवावे लागत नाही. अबोल माणसाला ही केवढी मोकळीक आहे, याचा विचार कर.

सावित्रीबाई फुले यांनी जोतिरावांना लिहिलेली तीन पत्रे छापून उपलब्ध आहेत. त्यांतले १० ऑक्टोबर १८५६ चे पत्र तू मुद्दाम वाच. आजारपणामुळे त्या तेव्हा नायगावला माहेरी होत्या. आता प्रकृती सुधारली आहे, भावाने फार मनापासून शुश्रूषा केली, असे त्या आरंभी कळवतात. महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्हा नवरा-बायकोला वाळीत टाकले ते योग्यच झाले, असे हाच भाऊ त्यांना म्हणाला होता, तेही त्या लिहितात. नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजता आणि आपल्यासारख्या माणसांना मात्र अस्पृश्य मानता, असे आपण त्याला सुनावले, हेही त्या सविस्तर सांगतात. भाऊ स्वभावाने प्रेमळ आहे आणि विचाराने कोता आहे, ही दोन्ही विधाने त्या पत्रात शेजारी शेजारी नांदतात. एकासाठी दुसरे पुसले जात नाही. आपल्या गैरहजेरीत शाळेच्या कामातली सहकारी फातिमा हिला फार त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, हेही लिहायला त्या विसरत नाहीत. पंचविशीतल्या बाईने आजारातून उठता उठता लिहिलेले हे पत्र मला फार मोलाचे वाटते, कारण माया आणि मतभेद एकाच वेळी, कोणाचाही पाणउतारा न करता, कसे मांडावेत हे त्यात दिसते.

तुझ्या पत्राचीही घडण अशीच असू दे. वडिलांनी तुझ्यासाठी केलेली एखादी नेमकी गोष्ट आधी लिही. "तुम्ही माझ्यासाठी खूप केलेत" असले सरधोपट वाक्य नको, तर बारावीच्या परीक्षेला ते केंद्राबाहेर उन्हात थांबले असतील तर तेच लिही. मग तुझा निर्णय आणि त्यामागची कारणे सरळ शब्दांत सांग. "तुम्ही नेहमीच" अशी सुरुवात असलेले वाक्य लिहू नकोस, आणि मनातून वाटत नसेल तर क्षमाही मागू नकोस. कागदावरचे खोटे वाचणाऱ्याला लवकर कळते. शेवटी रोजच्या राहणीतले काही असू दे: डब्याची भाजी कशी असते, खोलीवर पाणी किती वाजता येते. ज्यांना लेकीची काळजी बोलून दाखवता येत नाही, त्यांना हाच मजकूर पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो.

कच्चा मसुदा फोनवर लिहून मग तो उतरवून काढू नकोस. हात जिभेपेक्षा सावकाश चालतो, त्यामुळे लागट शब्द कागदावर येण्याआधी फेरविचाराला अवधी मिळतो. तरीही खाडाखोड झालीच तर ती राहू दे. वरच्या कोपऱ्यात तारीख आणि गाव अवश्य घाल.

पत्रावर नाते तोलून धरता येते का, अशी शंका येईल. आनंदीबाई जोशी आणि न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांचा स्नेह भेटीआधी पत्रांतूनच जुळला होता. त्या बळावर आनंदीबाई १८८३ साली सातासमुद्रापार त्यांच्या घरी जाऊन राहिल्या, आणि १८८७ साली त्यांच्या निधनानंतर त्यांची रक्षा याच बाईंकडे पाठवण्यात आली. तुमचे तर रक्ताचे नाते आहे, त्याला फक्त बोलण्याची वाट हवी आहे. अर्थात तातडीच्या कामाला फोनच करावा. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

पत्र टाकल्यावर "मिळाले का, वाचले का" असे फोनवर विचारू नकोस, आईकडूनही काढून घेऊ नकोस. लेखी उत्तर कदाचित येणारही नाही. वडील फोनवर आणखी दोन वाक्ये बोलले, डब्याच्या भाजीची चौकशी केली, तर तेच उत्तर समज आणि महिनाभराने दुसरे पत्र लिही.

पाकिटावर तालुका, जिल्हा आणि पिनकोड नीट घाल. नुसते नायगाव म्हटले तर ते साताऱ्याकडे आहे, नांदेड जिल्ह्यात आहे, वसईजवळ आहे आणि मुंबईत दादरलाही आहे. मागच्या बाजूस तुझा स्वतःचा पत्ता लिहायला विसरू नकोस, म्हणजे वडिलांना लिहावेसे वाटलेच तर तो कोणाला विचारावा लागणार नाही.

कळावे, लोभ असावा.
तुझी शुभचिंतक