सतरा ओळींच्या तक्रारी

प्रिय बाळ,

तुझं पत्र पोचलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून डावीकडं ‘आवडतं’ आणि उजवीकडं ‘नावडतं’ असं लिहिलंयस. डावीकडं सहा ओळी, उजवीकडं सतरा. शेवटी विचारलंयस, ‘बाई, मी परत येऊ का?’ उत्तर लगेच देत नाही. आधी पान वाचू.

सकाळी विभागात जाताना मोर दिसतो, मुख्य इमारतीसमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा बघून छाती भरून येते, ग्रंथालयात कितीही वेळ बसलं तरी कुणी ऊठ म्हणत नाही. वाचून बरं वाटलं. शिवाजी विद्यापीठ १८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू झालं. त्याआधी आपल्या भागातली कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. आज ८५३ एकरांच्या त्या आवारात साताऱ्याच्या खेड्यातली मुलगी एम.एस्सी. करते, याचं मला फार अप्रूप आहे.

आता उजवी बाजू. सेमिनारमध्ये सगळे इंग्रजीत बोलतात, माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, असं तू तीनदा तीन तऱ्हेनं लिहिलंयस. म्हणजे खरी बोच तीच. तास संपल्यावर सरांना थांबव, शंका मराठीत विचार आणि ती इंग्रजीत कशी मांडायची तेही त्यांनाच विचार. लाजू नकोस. वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच गत असते.

मेसबद्दल पाच ओळी आहेत, आणि लगेच खाली लिहिलंयस, ‘हे किरकोळ आहे, सोडा.’ का सोडू?

मी शिकत होते तेव्हा आमच्या वसतिगृहाच्या मेसमध्ये खाडे धरायचे नाहीत. चार दिवस गावी गेलं तरी महिन्याचं बिल पूर्ण. जेवताना सगळ्या कुरकुरायच्या आणि ताट घासून खोलीत जायच्या. खोलीतल्या एका ताईनं मात्र दोनशे पानी वही केली. तारीख, सकाळ, संध्याकाळ, आणि पुढं गैरहजर मुलींच्या सह्या. दोन महिने तिनं एक दिवस चुकवला नाही. मग अर्ज लिहिला, वहीच्या नकला जोडल्या, कार्यालयात दिला, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलली नाही. तिसऱ्या महिन्यापासून खाडे वजा व्हायला लागले. माझे त्या महिन्यात वाचलेले पैसे मी वडिलांना मनिऑर्डरनं पाठवले होते.

तूही तसंच कर. एका अर्जात एकच तक्रार. ‘जेवण वाईट’ असं लिहू नकोस. कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी, काय झालं ते लिही. चार जणींच्या सह्या घे, पोच घे, ती फाईलला लाव. पंधरा दिवसांनी पोच दाखवून परत विचार.

आणि राहण्या-जेवण्याचं दुखणं किरकोळ असतं असं कुणी म्हणालं, तर तू कुठल्या गावात राहतेस ते आठव. खेड्यातली पोरं शाळेपर्यंत येतात, पण राहायला जागा नाही म्हणून माघारी फिरतात, हे शाहू महाराजांनी ओळखलं होतं. म्हणून कोल्हापुरात १९०१ पासून बोर्डिंगं उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. अंथरूण आणि दोन वेळचं जेवण हा शिक्षणाचाच भाग आहे, हे त्या गावानं शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलं. तू मेसबद्दल बोलतेस तेव्हा अभ्यासाबद्दलच बोलत असतेस.

निकाल लांबला, ऑनलाइन फॉर्म दोनदा भरावा लागला, या ओळींवर आज तरी फुली मार. अशा वेळी पीआरएन, म्हणजे तुझा विद्यापीठातला कायमचा नोंदणी क्रमांक, आणि पावतीची झेरॉक्स जवळ ठेवायची, बस्स.

सतरावी ओळ मी बराच वेळ बघत बसले. ‘संध्याकाळी सहा वाजले की पोटात कालवतं.’ यावर अर्ज चालत नाही, बाळ. त्या वेळी खोलीत थांबू नकोस, एवढंच सांगते. ग्रंथालयात जा, नाहीतर शेजारच्या खोलीतल्या मुलीला चहाला बोलाव. तिच्याही पोटात कालवत असेल, विचारून बघ.

परत यायचं की नाही, ते पहिलं सत्र संपल्यावर ठरवू. तेव्हाही तुला नकोच वाटलं तर मी स्वतः न्यायला येईन, घरी मी सांगेन. तोवर दर रविवारी सात वाजता मी फोन करते. एक दोनशे पानी वही तुझ्या आईजवळ दिलीय, भाकरीच्या डब्याबरोबर येईल.

तुझी,
बाई