आई बेचैन असली की बाळाला कळतं का?

तुम्ही विचारलंय, ऑफिसचा ताण घेऊन घरी आलं की चार महिन्यांचं बाळ जास्त किरकिरतं आणि सासूबाई म्हणतात, ‘तुझ्या मनातलं त्याला कळतं’. त्यात तथ्य किती?

बरंच आहे. मनातलं कळत नसेल, पण अंगातलं कळतं: ठोके, श्वास, हातांची पकड, आवाजाची पट्टी.

माझा अनुभव उलट्या दिशेचा. मुलगी पाच महिन्यांची असताना मी कामावर रुजू झाले. गोव्यात डिचोलीहून पणजीला जाणाऱ्या कदंब बसमध्ये मागे कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं आणि पर्वरी यायच्या आत मला पान्हा फुटून कुडता ओला! ओढणी पुढे घेऊन मांडवीचा पूल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. रडणं कानावर पडलं की मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं, स्तनातल्या दूधग्रंथींभोवतीच्या पेशी आवळतात, दूध उतरतं. बाळ कुणाचं, हे विचारायला शरीर थांबत नाही. भीती किंवा दुखणं असलं की मात्र हेच अडतं. दूध असूनही उतरत नाही, बाळ चिडतं, आई आणखी घाबरते.

२०१४ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साधारण वर्षाच्या बाळांच्या आयांना दुसऱ्या खोलीत परीक्षकांसमोर बोलायला लावलं. काहींसमोर परीक्षक नाकं मुरडत होते. त्या आया परत आल्या, बाळांना मांडीवर घेतलं आणि काही मिनिटांत बाळांच्या हृदयावरही ताण दिसू लागला. बाळांनी खोलीतलं काहीच पाहिलं नव्हतं.

पण म्हणून स्वतःला बोल लावू नका. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी माय-लेकरांचे चेहरे बारकाईने तपासले, तर चांगल्या जोड्यांतही निम्म्याहून जास्त वेळ सूर जुळलेला नसतो. तो चुकतो, पुन्हा जुळतो, आणि बाळ त्यातच शिकतं.

घरी आल्यावर आधी हातपाय धुवा, पाणी प्या, मग बाळाला फक्त लंगोटावर उघड्या छातीशी घ्या. तुमचं स्वतःचं रडू किंवा उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांकडे जाच.

आणि सासूबाईंकडे दहा मिनिटं बाळ द्या. आमच्याकडे पावसात वीज गेली की मी हैराण, मुलगी हैराण. सासूबाई काळोखातच तिला खांद्यावर टाकून पडवीत फेऱ्या मारायच्या. मेणबत्ती सापडेपर्यंत ती झोपलेली असायची.