बॅज वाटण्यापुढचं काम मागून घ्यावं लागतं

प्रश्न : माझी मुलगी 23 वर्षांची आहे. साताऱ्यातून बी.कॉम. केलं, मग पुण्यात इव्हेंट मॅनेजमेंटचा एक वर्षाचा डिप्लोमा. गेलं दीड वर्ष ती पुण्यातल्या एका कंपनीत आहे. डॉक्टरांच्या, इंजिनिअरांच्या परिषदा भरवून देणारी कंपनी आहे. काम आवडतं म्हणते, पण अजून तिला रजिस्ट्रेशनच्या टेबलावरच बसवतात, बॅज आणि पिशव्या वाटायला. मीटिंगमध्ये तिला कुणी काही विचारत नाही. रात्री बारा-बाराला फोन येतात. तिच्याबरोबर लागलेल्या पाचांपैकी तिघे सोडून गेले. तिचे बाबा म्हणतात, गोडोलीत घर आहे, परत ये आणि बँकेच्या परीक्षा दे. काका तर 'मांडववाल्याकडे कामाला आहे' असंच सांगत फिरतात. तिला सोडायचं नाही आणि असंच बसूनही राहायचं नाही. काय करावं?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते 'मीटिंगमध्ये तिला कुणी काही विचारत नाही' हे वाक्य. रात्रीचे फोन आणि काकांचं बोलणं त्यानंतर. तिघे सोडून गेले ते कष्टाला कंटाळून गेले, असं मला वाटत नाही. परिषदा कशा भरतात ते शिकायला आलेल्या मुलांना दीड वर्षात टेबलापलीकडचं काही बघायलाच मिळालं नसेल, तर ती कशाच्या ओढीनं थांबणार?

माझं मत आधीच सांगून टाकते. क्षेत्र सोडायची घाई नको. कंपनी सोडायची वेळ कदाचित येईल, पण त्याआधी तिनं साहेबांकडे एक गोष्ट मागायची आहे : दसऱ्यानंतर जो हंगाम सुरू होईल, त्यातल्या एका परिषदेचा एक विभाग, पहिल्या ई-मेलपासून शेवटच्या बिलापर्यंत, तिच्या नावावर. 'मला जास्त जबाबदारी द्या' असं मोघम मागितलं की साहेब 'हो हो, बघू' म्हणतात आणि पुढच्या परिषदेला पुन्हा तेच टेबल मिळतं. विभागाचं नाव घेऊन मागितलं, तर त्यांना हो किंवा नाही म्हणावं लागतं.

कोणता विभाग? मला विचाराल तर वक्त्यांचा. डॉक्टरांच्या परिषदेत त्याला फॅकल्टी म्हणतात. साधी दोन दिवसांची राज्य पातळीवरची परिषद धरा. पन्नास-साठ वक्ते असतात. प्रत्येकाला निमंत्रण, होकार, तिकीट, हॉटेलची खोली, स्टेशनवरून आणायला गाडी, भाषणाची वेळ, प्रिव्ह्यू रूममध्ये, म्हणजे भाषणाआधी स्लाइड तपासायच्या खोलीत, स्लाइड जमा करून घेणं, त्या नेमक्या हॉलच्या कॉम्प्युटरवर पोचवणं, प्रमाणपत्र, आणि मानधन असेल तर त्याचा टीडीएस. एकाची गाडी तळेगावच्या टोलवर अडकली की पुढच्या तीन भाषणांची वेळ सरकवायची, आणि ते सत्राच्या अध्यक्षांना न दुखावता सांगायचं. हे काम तेवीस वर्षांच्या मुलीला जमतं. अट एकच, ते सगळं तिच्याकडे हवं. निम्मं तिच्याकडे आणि निम्मं 'सरांना विचारून सांगते' असं असेल, तर चूक झाली की तिची आणि नीट पार पडलं की सरांचं.

दुसरा विभाग पैशाचा, म्हणजे स्टॉल आणि प्रायोजक. तिथे लगेच शिरता येणार नाही, पण नजर तिथेच ठेवायला सांगा. डॉक्टरांच्या परिषदांचा मोठा खर्च औषध कंपन्यांकडून निघतो. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारनं औषध कंपन्यांच्या विक्रीबाबतची नवी आचारसंहिता काढली. त्यानुसार, वक्ता म्हणून आलेले डॉक्टर सोडले तर इतरांच्या प्रवासाचा आणि हॉटेलचा खर्च कंपनीनं करायचा नाही, आणि अशा कार्यक्रमांवर काय खर्च झाला ते जाहीर करायचं. त्यामुळे कोणत्या स्टॉलचे किती, कोणत्या सत्राचे किती, कशाचं बिल कुणाच्या नावानं, हे कागदावर चोख लागतं. बी.कॉम. झालेल्या मुलीला ही भाषा शिकवावी लागत नाही. हे तिनं साहेबांना सांगायला हवं. त्यांच्या कदाचित लक्षातही आलं नसेल.

आता त्या टेबलाबद्दल थोडं. मी त्याला कमी लेखत नाही. महाराष्ट्रात डॉक्टरांना नोंदणीचं नूतनीकरण करायला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात, आणि ते परिषदेतल्या हजेरीवरून मिळतात. म्हणजे बॅज स्कॅन झाला की नाही, हा त्या डॉक्टरांच्या दृष्टीनं गंभीर मामला असतो. शिवाय टेबलावर बसलेल्याला जे दिसतं, ते स्टेजमागे धावणाऱ्या साहेबांना दिसत नाही. एक उदाहरण देते. आपल्याकडे काउंटर इंग्रजी आडनावांप्रमाणे लावतात, 'ए ते एम' एक आणि 'एन ते झेड' दुसरा. मग पाटील, पवार, शिंदे, सावंत, साळुंखे, शेख, सगळे दुसऱ्या रांगेत. पहिल्या काउंटरवरचा मुलगा मोबाईल बघतो आणि दुसऱ्यासमोर रांग पार पोर्चपर्यंत. ज्या मुलीनं हे दोन परिषदांमध्ये पाहिलंय, तिनं तिसऱ्या परिषदेआधी एका पानावर लिहून द्यावं : गेल्या वेळी ऐनवेळी नोंदणी करणारे किती आले, गर्दी किती वाजता झाली, 'पी' आणि 'एस'ला वेगळे काउंटर दिले तर काय होईल. असं एक पान साहेबांच्या हातात पडलं की पुढच्या मीटिंगला तिला विचारल्याशिवाय राहणार नाहीत. तरीही विचारलं नाही, तर त्या कंपनीबद्दलची शंकाच मिटली.

तुमच्या पत्राच्या निमित्तानं मला त्या साहेब मंडळींशीही दोन शब्द बोलायचेत. 'हल्लीची पोरं टिकत नाहीत' हे मी पुण्यातही ऐकते आणि महाबळेश्वरच्या हॉटेलांतही. मुलं का टिकत नाहीत याची काळजी या धंद्यात जगभर आहे, आणि तिथल्या संघटनांनी निदान काही हालचाल केली आहे. जर्मनीत फ्रँकफर्टला आयमेक्स नावाचं या उद्योगाचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे विद्यार्थ्यांसाठी वेगळा मंच असतो. पीसीएमए ही अमेरिकेतली संघटना विशीतल्या 20 जणांना निवडून त्यांचं कौतुक करते. आपल्याकडे इव्हेंट कंपन्यांची ईमा ही संघटना 2008 पासून आहे आणि परिषदांना चालना देणारं आयसीपीबी हे मंडळ 1988 पासून. अशा मेळाव्यांना आपल्याकडून जातं कोण? बहुधा मालक, फार तर त्यांचा मॅनेजर. दीड वर्ष झालेल्या एका मुलीला एका दिवसासाठी बरोबर नेलं, तर तिकिटाइतकाच खर्च. तिला कळतं की या कामाला एक बिरादरी आहे, इथे दहा वर्षांनी माणूस कुठे पोचतो ते समोर दिसतं. नाही नेलं, तर तिच्या डोळ्यांसमोर दहा वर्षांनीही टेबलच राहतं. परिषद संपल्यावर अर्धा तास सगळ्यांनी बसून काय चुकलं ते बोलायचं आणि सुरुवात सगळ्यात लहान माणसापासून करायची, याला तर तिकीटसुद्धा लागत नाही.

हेच आपल्या साताऱ्याबद्दलही म्हणता येईल. 2026 च्या जानेवारीत 99 वं साहित्य संमेलन शाहू स्टेडियमवर झालं. पाहुण्यांची निवास व्यवस्था, ग्रंथदालनं, जेवण, परिसंवादांच्या वेळा. वर सांगितलेले सगळे विभाग तिथेही असतातच. अशा कामात राबलेल्या कॉलेजच्या पोरांना 'हे काम पुढेही करणार का?' असं कुणी विचारतं का? विचारायला हवं. पाचगणीत एशिया प्लॅटोसारखं निवासी परिषदांचं केंद्र 1968 पासून आहे, महाबळेश्वरात पुण्या-मुंबईच्या कंपन्या डीलर मीट, म्हणजे आपल्या विक्रेत्यांचे मेळावे, घ्यायला येतात. आपल्या जिल्ह्याला हे काम नवीन नाही. आपल्या मुलांना ते नोकरी म्हणून दाखवलं जात नाही, एवढंच.

बाबांना म्हणावं, हे क्षेत्र उद्या बंद पडेल अशी भीती बाळगू नका. 2023 मध्ये जी-20 च्या निमित्तानं देशातल्या 60 शहरांत 200 हून जास्त बैठका झाल्या, पुण्यातही झाल्या. त्याच वर्षी दिल्लीत भारत मंडपम आणि यशोभूमी ही दोन मोठी केंद्रं उघडली. मुंबईत बीकेसीतलं जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर त्याच्या आदल्या वर्षीचं. एवढे हॉल बांधले की ते भरायला माणसं लागणारच. पण खोटं आश्वासन देणार नाही : सुरुवातीचा पगार बँकेच्या क्लार्कपेक्षा बहुतेक कमीच असतो, आणि पावसाळ्यात काम मंदावतं.

काकांसाठी एवढंच, की चांगला मांडववाला जमीन बघून, वाऱ्याची दिशा बघून खांब कुठे रोवायचा ते सांगतो. अशा माणसाकडे वर्षभर काम केलं असतं, तरी मुलगी काही कमी शिकली नसती.

रात्रीच्या फोनबद्दल मात्र मी तुमच्या बाजूनं आहे. परिषदेच्या आदल्या रात्री हॉल लावताना जागरण होणारच, ते धरूनच चालायचं. पण मंगळवारी रात्री बारा वाजता 'उद्याची एक्सेल शीट पाठव' हे परिषदेचं काम नव्हे, ती साहेबांची सवय. तिनं ते सकाळी आठला पाठवावं, भांडण न करता, सलग महिनाभर. सवयी अशाच मोडतात. कायद्याचंही माहीत असू द्या. महाराष्ट्रातल्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती, सुरक्षितता आणि घरी पोचवायची सोय, हे सगळं मालकानं बघायचं आहे. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तिच्या कंपनीत त्या समितीवर कोण आहे, एवढं तिला एकदा विचारा. उत्तर देता आलं नाही, तर तिनं ते ऑफिसात विचारून घ्यावं.

तुम्ही स्वतः साहेबांना फोन करू नका. करायचा मोह होईल, हे मला ठाऊक आहे.

आता पुढचा हिशोब. या उद्योगात सीएमपी नावाचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आहे. त्याच्या परीक्षेला बसायला साधारण 36 महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव आणि 25 तासांचं प्रशिक्षण लागतं. तिचा निम्मा अनुभव झालाय. फी डॉलरमध्ये असते, म्हणून आत्ताच पैसे भरू नका आणि त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नका. पण तीन वर्षं भरेपर्यंत या क्षेत्रात राहायला ते एक चांगलं निमित्त आहे. तीन वर्षांनंतर घराजवळ यायचं असेल, तर हॉटेलच्या बाजूनं विचार करता येईल. महाबळेश्वर-पाचगणीच्या मोठ्या हॉटेलांना कंपन्यांच्या बैठका आणणारी आणि सांभाळणारी माणसं हवी असतात. ज्या मुलीनं पुण्यात आयोजकाच्या बाजूनं हॉटेलांशी थाळ्यांच्या गॅरंटीवरून, म्हणजे किमान किती थाळ्यांचे पैसे द्यायचे यावरून, घासाघीस केलीय, ती हॉटेलच्या खुर्चीत बसली तर समोरच्याचे सगळे डाव तिला आधीच माहीत असतात. आज ती तिथे गेली तर रिसेप्शनवर बसवतील, म्हणजे टेबल बदलेल आणि काम तेच राहील.

साहेबांनी विभाग दिला, तर येता हंगाम फेब्रुवारीपर्यंत पूर्ण करू द्या. नाही म्हणाले, किंवा हो म्हणून दिला नाही, तर जानेवारीपासूनच दुसऱ्या कंपनीत अर्ज सुरू करावेत. मुलाखतीत पगाराआधी एक प्रश्न विचारावा : तुमच्याकडे दोन वर्षं झालेला माणूस सध्या स्वतः काय सांभाळतो? त्या माणसाचं नाव आणि काम चटकन सांगता आलं, तर तिथे जावं.

बँकेच्या परीक्षेचा वाद घरात नका घालू. सरकारी बँकांच्या भरतीची परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या क्लार्क परीक्षेला खुल्या गटात 28 वर्षांपर्यंत बसता येतं, पीओला, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षेला, 30 पर्यंत. तिच्याकडे वेळ आहे. बाबांच्या समाधानासाठी फॉर्म भरायचा तर भरू द्या, पण अभ्यासासाठी नोकरी सोडून गोडोलीला येऊन बसणं आत्ता नको. त्या परीक्षाही साधारण पावसाळ्याच्या शेवटी सुरू होतात, आणि नेमका तेव्हाच परिषदांचा हंगाम उघडतो. दोन्ही एकाच वर्षी नीट होणार नाही. यंदा कोणतं, ते तिलाच ठरवू द्या, आणि साहेबांशी बोलणं होईल त्यानंतर ठरवू द्या.