मेंढपाळाच्या वेशातला शोक

प्रश्न : इंग्रज कवी मिल्टनच्या ‘लिसिडस’ या शोकगीतामध्ये केंब्रिजचा विद्वान मेंढपाळ का होतो? असा शोक खरा मानावा का?

उत्तर : प्राचीन ग्रीक कवी थिऑक्रिटस आणि रोमन कवी व्हर्जिल यांच्यापासून चालत आलेल्या संकेतानुसार मेंढपाळ म्हणजेच कवी, म्हणून १६३७ साली आयरिश समुद्रात बुडालेला केंब्रिजचा विद्वान एडवर्ड किंग, जो स्वतः कविता करीत असे, या शोकगीतात मेंढपाळ झाला. अठराव्या शतकातला इंग्रज समीक्षक सॅम्युअल जॉन्सन याला यात खरे दुःख दिसले नाही. मला ते मत मुळीच पटत नाही. शवपेटीवर वाहण्यासाठी मिल्टन प्रिमरोझ, व्हायोलेट, डॅफोडिल अशी फुले एकामागून एक मागवतो आणि लगेच ही खोटी समजूत असल्याचे कबूल करतो, कारण शव हाती लागलेलेच नसून लाटांवर कुठेतरी भरकटते आहे. पुढे १८२१ साली इंग्रज कवी शेलीने कवी कीट्सच्या मृत्यूवर ‘अडोनेस’ हे शोकगीत लिहिले, तेही याच परंपरेत.