बाईंना विचारा: वर्गात कॅमेरा की गणिताला शिक्षक?

प्रश्न: बाई, आमच्या गावच्या हायस्कुलात दहावीचं केंद्र आहे. कॉपीमुक्त अभियानासाठी वर्गावर्गात सीसीटीव्ही लावायचे म्हणून वर्गणी काढताहेत. गणिताची जागा मात्र दोन वर्षं रिकामी आहे. मी शिक्षक-पालक संघात आहे. विरोध केला तर ‘तुम्हाला कॉपी हवीय का?’ असं विचारतात. काय करू?
– एक पालक, परभणी जिल्हा

उत्तर: ताई, तुम्हाला असं विचारणाऱ्याला उलट विचारा, की कॅमेऱ्यात दिसलेलं बघणार कोण? पेपर सुरू असताना पडद्यासमोर बसणारा माणूस जर त्याच शाळेचा, त्याच निकालावर डोळा ठेवून असलेला असेल, तर त्याला चिठ्ठी दिसेल, पण दिसली असं तो म्हणणार नाही.

पर्यवेक्षक म्हणून मी मोज्यातल्या मायक्रो झेरॉक्स काढल्यात, कंपासपेटीच्या झाकणाखालची सूत्रंही. पोरांच्या युक्त्या फार जुन्या असतात. धास्ती वाटायची ती खिडकीखाली उभ्या असलेल्या मोठ्यांची, आणि ‘बाई, जरा सांभाळून घ्या’ असं चहा देताना म्हणणाऱ्यांची. 2025 साली संवेदनशील केंद्रांवर ड्रोन फिरवायचे ठरले. खिडकीखालचा जमाव ड्रोनला दिसतो हे मान्य. चहाचा कप दिसत नाही.

यंत्र आलं की लबाडी थांबते, हे मला पटत नाही. 2019-20ची शिक्षक पात्रता परीक्षा आठवा. गोल काळे करायचे आणि उत्तरं यंत्राने तपासायची, म्हणजे वशिल्याला जागाच नको. तरी सात हजारांवर अपात्र उमेदवार पात्र ठरले, आणि पुणे सायबर पोलिसांनी ती परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक केली. तिथे पैसे देऊन आतल्या माणसांकडून निकालच फिरवला होता. त्या उमेदवारांच्या वर्गात दहा कॅमेरे असते तरी काय दिसलं असतं?

याउलट, पूर्वी दहावीची प्रश्नपत्रिका वाचायला म्हणून दहा मिनिटं आधी मिळायची. तेवढ्यात ती व्हॉट्सअॅपवर फिरायला लागली. 2023 पासून मंडळाने ती दहा मिनिटं सुरुवातीची काढून शेवटी जोडली. एका परिपत्रकात काम झालं!

तुमच्या शेजारच्या नांदेडचंच घ्या. 2010च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपी मोडून काढली ती केंद्राकेंद्रावर पेपर संपेपर्यंत तिथेच थांबणारी बैठी पथकं बसवून, म्हणजे माणसांनीच. निकाल घसरले, पालक चिडले. पण कोणाला काय येत नाही हे त्या वर्षी पहिल्यांदा कळलं. ज्या पोराला दोन वर्षं गणित कुणी शिकवलेलंच नाही, त्याने पेपरात काय करावं अशी आपली अपेक्षा आहे? कोरा देऊन यावं? कॅमेरा त्याला पकडेल, आणि जागा न भरणारा मोकळाच राहील.

मला यंत्रांचं वावडं नाही. कस्टडीतून, म्हणजे प्रश्नपत्रिका जपून ठेवतात तिथून, त्यांची पाकिटं केंद्रावर आणणाऱ्या रनरच्या मोबाइलवर जीपीएस चालू ठेवायचं, पाकीट देताना-घेताना व्हिडिओ काढायचा, हे मंडळाचे नियम मला आवडतात, कारण तिथे नजर मोठ्या माणसांवर आहे.

तेव्हा विरोध करू नका, क्रम बदलून मागा. वर्गणीतून आधी गणिताला तासिकेवर शिक्षक आणा, जूनपासून, जानेवारीत नव्हे. उरलेल्या पैशांतून पहिला कॅमेरा पाकिटं ठेवतात त्या खोलीत, दुसरा फाटकावर, आणि चित्रीकरण बाहेरच्या केंद्राच्या माणसाने बघायचं अशी अट घाला. वर्गातले शेवटी. हे सगळं तोंडी बोलू नका, बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या. सूचक म्हणून तुमचं नाव घाला आणि अनुमोदक म्हणून मुख्याध्यापकांचं मागा. ते सही करतात की चष्मा शोधतात, ते मला नक्की कळवा.