परदेशी मदतीला विरोध आणि विकास क्षेत्रातील करिअर

पत्र : माझी मुलगी नागपुरात बी.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असून तिला विकास अभ्यासात एम.ए. करायचे आहे. मात्र श्रीमंत देशांची मदत गरीब देशांना परावलंबी करते, असे तिचे ठाम मत आहे. त्यात अमेरिकेने आपली मदतसंस्थाच बंद केली. तिने या वाटेने जावे का?
– एक पालक, धरमपेठ

उत्तर : नोकरीची आपली धास्ती खोटी नाही. १९६१ साली स्थापन झालेल्या ‘यूएसएड’ या अमेरिकी मदतसंस्थेचे उरलेले काम जुलै २०२५ पासून तेथील परराष्ट्र खात्याकडे गेले, ब्रिटनने आपले मदतखाते २०२० सालीच परराष्ट्र खात्यात विलीन केले होते. त्यामुळे केवळ परदेशी निधीवर चालणाऱ्या संस्थेत नोकरी मिळेल, या भरवशावर पदवी निवडू नये.

मताची अडचण मात्र मला वाटत नाही. सरकारकडून सरकारला मिळणारा पैसा जनतेपेक्षा सत्ताधाऱ्यांनाच बळकट करतो आणि समृद्धी व्यापारातून व बचतीतून येते, हे पीटर बाउर या अर्थशास्त्रज्ञाने दशकानुदशके मांडले. हे मत बहुधा उजव्या विचारांचे मानले जाते, परंतु त्या विचारांची मंडळीही या प्रश्नावर एकमताची नाहीत. मदत थांबवावी असे काही म्हणतात. याउलट जॉर्ज डब्ल्यू. बुश या उजव्या रिपब्लिकन पक्षाच्या अमेरिकी अध्यक्षांनीच २००३ साली एड्सविरोधी ‘पेपफार’ कार्यक्रम आणला आणि २००४ साली ‘मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन’ उभी केली, जी भ्रष्टाचार, कायद्याचे राज्य, आरोग्यावरील खर्च अशा निकषांवर देश पारखूनच अनुदान देते. ‘पेपफार’च्या औषधांनी लक्षावधी लोक जगले, हे आपल्या मतात कसे बसते, याचे उत्तर मुलीने स्वतः शोधावे, ते न शोधता ती मुलाखतीला गेली, तर पहिल्याच प्रश्नाला अडखळेल.

म्हणून विकास अभ्यासाऐवजी, संख्याशास्त्राचा भक्कम पाया असलेले अर्थशास्त्रातील एम.ए. मला अधिक योग्य वाटते. पुण्याच्या गोखले संस्थेचा विचार जरूर करावा. मदत द्यावी म्हणणाऱ्यांना आणि कापावी म्हणणाऱ्यांना, दोघांनाही परिणाम मोजणारी माणसे लागतात. शिवाय भारत स्वतः १९६४ पासून ‘आयटेक’ या सरकारी कार्यक्रमाद्वारे इतर देशांतील लोकांना प्रशिक्षण देतो आणि एक्झिम (निर्यात-आयात) बँकेमार्फत कर्जही पुरवतो, दिल्लीतील ‘आरआयएस’ ही संशोधन संस्था याच विषयांवर काम करते.

प्रवेशाआधी तिला दोन महिने यवतमाळ किंवा वर्ध्याकडच्या एखाद्या स्वयंसेवी संस्थेत हिशेबाच्या कामाला पाठवावे. (उन्हाळा टाळता आला तर बरे.) अनुदान संपल्यावर गावात काय टिकले, एवढेच तिने लिहून आणावे आणि मग अर्ज भरावा.