ब्रिज केला आणि सर्व्हरशी संपर्क तुटला

प्रश्न : कार्यालयातील उबुंटू सर्व्हरवर केव्हीएम (लिनक्समधील आभासी संगणक चालवण्याची सोय) वापरून एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, उभे केले आहे. त्यात इंटरनेट चालते, पण इतर संगणकांवरून त्यातील हिशेबाची प्रणाली उघडत नाही. म्हणून घरूनच लॉगिन करून ब्रिज तयार केला व नेटवर्क कार्ड त्यात जोडले, तर सर्व्हरशी संपर्कच तुटला. काय चुकले? हाच प्रयोग लॅपटॉपवर वाय-फायने करून पाहता येईल का?
– एक वाचक

उत्तर : प्रणाली न उघडणे हा बिघाड नव्हता. केव्हीएमसोबत वापरले जाणारे लिबव्हर्ट हे व्यवस्थापन सॉफ्टवेअर नव्या मशीनला सहसा १९२.१६८.१२२ ने सुरू होणाऱ्या खासगी नेटवर्कात ठेवते आणि नॅट करून, म्हणजे सर्व्हरच्याच पत्त्याने, बाहेर सोडते. त्यामुळे मशीनने मागितलेली माहिती परत येते, पण बाहेरून कोणी आपणहून आत येऊ शकत नाही. ब्रिज करण्याचा आपला निर्णय योग्यच होता.

संपर्क तुटला तो बहुधा आयपी पत्ता कार्डावरच राहिल्यामुळे. ब्रिज म्हणजे होस्टच्या (मूळ सर्व्हरच्या) आतला सॉफ्टवेअरचा स्विच, म्हणजे अनेक उपकरणांना एका नेटवर्कात जोडणारा दुवा. कार्ड त्यात जोडले की ते त्या स्विचचे केवळ एक पोर्ट होते आणि त्यावर आलेली फ्रेम (माहितीचा तुकडा) कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, थेट ब्रिजच्या स्वाधीन करतो, म्हणून कार्डावरचा पत्ता यादीत दिसत राहिला तरी उपयोगाचा नसतो. नेटप्लॅनच्या (उबुंटूच्या नेटवर्क मांडणीच्या) फाइलमध्ये पत्ता, गेटवेचा (बाहेर जाण्याच्या वाटेचा) मार्ग आणि डीएनएस (नावांवरून पत्ते शोधणारी सेवा) कार्डाखालून काढून ब्रिजखाली लिहावेत, कार्डाचे डीएचसीपी (पत्ता आपोआप मिळवणे) बंद करावे, आणि मशीनच्या सेटिंगमध्ये ‘डिफॉल्ट’ नेटवर्कऐवजी हा ब्रिज निवडावा. राउटरवर सर्व्हरचा पत्ता मॅकनुसार (कार्डाच्या हार्डवेअर ओळखक्रमांकानुसार) राखून ठेवला असेल, तर कार्डाचाच मॅक पत्ता ब्रिजला द्यावा. एरवी ब्रिजला निराळा मॅक मिळून आयपीही बदलू शकतो.

हे काम दुरून करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा १२० सेकंदांत होकार न मिळाल्यास जुनी मांडणी परत आणते हे खरे. परंतु ब्रिजखाली स्पॅनिंग ट्रीसारखे (नेटवर्कातील वर्तुळाकार मार्ग टाळणारी पद्धत) खास पॅरामीटर लिहिले असतील, तर ते परत फिरवता येत नाहीत असे सांगून ती थांबते. नेमक्या अशा वेळी सर्व्हरसमोर मॉनिटर आणि कीबोर्ड असावा लागतो. स्पॅनिंग ट्री चालू असताना नव्याने जोडलेले पोर्ट सुमारे ३० सेकंद वाहतूक पुढे सोडत नाही, त्यामुळे मशीनला सुरुवातीला पत्ता मिळाला नाही तर घाईने फाइल बदलू नये. ब्रिजला एकच केबल असेल, तर स्पॅनिंग ट्री बंद ठेवायला हरकत नाही.

लॅपटॉपवर वाय-फायने हा प्रयोग सहसा जमत नाही. स्वतःकडे नोंद झालेल्या मॅक पत्त्यावरून आलेल्या फ्रेमच अ‍ॅक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारे उपकरण) स्वीकारतो आणि व्हर्च्युअल मशीनचा मॅक त्याच्या नोंदीत नसतो. यूएसबीचे इथरनेट अडॅप्टर आणि केबल लावून तो करावा.

त्याच सर्व्हरवर डॉकर (प्रोग्राम कंटेनरमध्ये चालवणारी प्रणाली) हीदेखील असेल, तर ब्रिज बरोबर असूनही मशीनची वाहतूक अडू शकते. तेव्हा फायरवॉलमधील ‘फॉरवर्ड’चे (आरपार जाणाऱ्या वाहतुकीचे) नियम आधी पाहावेत.